'सकाळ' कुणाचा? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पेठेतल्या वाचनकट्ट्यावर रोज सहा पेपर येतात आणि त्यावरून किमान एक वाद होतो. वाद बातमीवरून कमी, "हा पेपर कुणाचा" यावरून जास्त. मी एका दैनिकात बरीच वर्षं रात्रपाळीचा उपसंपादक होतो, त्यामुळे हे सगळे प्रश्न शेवटी माझ्याकडे येतात. त्यांतले बहुतेक 'सकाळ'बद्दल असतात. पेपर मूळचा पुण्याचा, वाचला जातो इथं आणि मालकाचं आडनाव राजकारणातलं, म्हटल्यावर प्रश्न येणारच. तीच तीच उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली.

'सकाळ' नक्की कुणाचा आहे?

पवार कुटुंबाचा. नेमकं सांगायचं तर प्रतापराव पवार यांच्या कुटुंबाच्या हातात समूहाची सूत्रं आहेत. प्रतापराव समूहाचे अध्यक्ष आणि त्यांचे चिरंजीव अभिजित पवार व्यवस्थापनात. १९८५च्या सुमारास पेपर या घराण्याकडे आला. त्याआधीची पन्नासेक वर्षं 'सकाळ' म्हणजे डॉ. ना. भि. परुळेकर, हेच समीकरण होतं. जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून "परुळेकरांचा सकाळ" असतो.

म्हणजे शरद पवारांचा. सरळ सांगा की!

सरळच सांगतो. प्रतापराव हे शरद पवारांचे सख्खे भाऊ. गोविंदराव आणि शारदाबाई पवारांची ही मुलं. भावाचा पेपर म्हणजे आपोआप त्यांचा पेपर, असं कायद्यानं होत नाही. कंपनी वेगळी, भागधारक वेगळे, संचालक मंडळ वेगळं. पण नातं आहे, ते कुणी लपवलेलंही नाही, आणि राजकीय बातमी वाचताना ते डोक्यात ठेवायला काही हरकत नाही. मी ठेवतो. कट्ट्यावर मात्र दोन टोकं असतात. एकाला प्रत्येक मथळ्यात बारामती दिसते, दुसऱ्याला कशातच दिसत नाही. दोघांनीही अंक पुरता वाचलेला नसतो.

जाता जाता एक. शारदाबाईंचं माहेर आपल्याच जिल्ह्यातलं, पन्हाळा तालुक्यातलं गोलिवडे. म्हणजे पेपर पुण्याचा, मालक बारामतीचे आणि मालकांचं आजोळ कोल्हापूरचं. एका आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आपलाच की ओ!"

सुरू कुणी आणि कधी केला?

डॉ. नारायण भिकाजी परुळेकर, म्हणजेच नानासाहेब परुळेकर. पहिला अंक पुण्यात निघाला १ जानेवारी १९३२ रोजी. मुहूर्त कसला होता बघा. गोलमेज परिषदेहून गांधीजी नुकतेच परतले होते आणि ४ जानेवारीला सरकारनं त्यांना अटक केली. चार दिवसांच्या पेपरला देशातली सगळ्यात मोठी बातमी सांभाळावी लागली.

नानासाहेब अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. तिथली दैनिकं त्यांनी जवळून बघितली होती, आणि 'सकाळ'चा घाट त्यातूनच आला.

त्यांनी वेगळं असं काय केलं? पेपर तर आधीही होते.

होते, आणि दमदार होते. पण त्या काळच्या मराठी पेपरचा जीव अग्रलेखात असायचा. संपादक मोठा म्हणून पेपर मोठा. लोक मत वाचायला पेपर घ्यायचे, बातमी त्याच्या मागून यायची. परुळेकरांनी क्रम उलटा केला. आधी बातमी, तीही वाचकाच्या दारातली. नळाला पाणी का नाही, बाजारात भाव काय, गावात काय घडलं, कोण वारलं. जिल्ह्या-तालुक्यांत बातमीदार नेमले. गावच्या माणसाला आपल्या गावाचं नाव छापील अक्षरात दिसायला लागलं.

हे आज इतकं अंगवळणी पडलंय की त्यात नवल वाटत नाही. पण कुठल्याही पेपरचं तालुका पान उघडा, त्याची कल्पना तिथपर्यंत मागे जाते. मी डेस्कवर होतो तेव्हा एका खेड्यातल्या विहिरीत पडलेल्या म्हशीची बातमी मी दोन ओळींत उडवली होती. दुसऱ्या दिवशी त्या गावात आमच्या एजंटाला लोकांनी घेरलं. तिसऱ्या दिवशी म्हैस फोटोसकट छापली आणि गावात अंक कमी पडले.

'सकाळ'चा सुप्रीम कोर्टातला खटला म्हणजे काय? स्पर्धा परीक्षेला विचारतात.

विचारतात, आणि पोरं "अनुच्छेद १९(१)(अ)", म्हणजे घटनेतलं विचार मांडायचं स्वातंत्र्य, एवढंच पाठ करून जातात. गोष्ट त्याहून रंगतदार आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९५६ साली केंद्रानं पेपरची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केला, आणि १९६० साली त्याखाली आदेश काढला. अमुक किंमत ठेवलीत तर तमुकच पानं देता येतील. जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. जाहिरातीला किती जागा द्यायची यावरही बंधन, पुरवणी काढायची तर सरकारची परवानगी. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशननंच हे सुचवलं होतं. बड्या भांडवलदारांचे जाडजूड पेपर स्वस्तात विकले जातात आणि छोटे पेपर गुदमरतात, ते थांबावं म्हणून. आपल्या कोल्हापूरसारख्या गावातल्या चारपानी पेपराच्या बाजूनंच तो कायदा होता म्हणा ना.

पण त्यात सापडला 'सकाळ'. तो काही दिल्ली-मुंबईच्या बड्या धेंडांपैकी नव्हता. पुण्याचा, एका भाषेतला, मध्यम खपाचा पेपर. तेव्हा तो आठवड्यातले पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार पानं द्यायचा. म्हणजे रविवार सोडून चौतीस पानं, आणि किंमत ७ नवे पैसे. नव्या आदेशाप्रमाणे तेवढीच पानं द्यायची तर किंमत ८ नवे पैसे करावी लागणार. नाहीतर पानं कापा. एक नवा पैसा! आज हसू येतं. पण पेपरवाल्याला विचारा, एक पैसा वाढला की किती गिऱ्हाईक शेजारच्याचा अंक मागून वाचायला लागतं.

परुळेकर कोर्टात गेले. सरकारचं म्हणणं होतं की हा धंद्याचा प्रश्न आहे, मक्तेदारी रोखायची आहे, आणि लोकहितासाठी धंद्यावर बंधनं घालता येतात. घटनापीठानं १९६१ साली निकाल दिला, निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती मुधोळकरांनी. सार असं की पानं कमी करा किंवा किंमत वाढवा, दोन्हींमुळे पेपर कमी लोकांपर्यंत पोचतो. विचार मांडायचं स्वातंत्र्य म्हणजे तो किती लोकांपर्यंत पोचवायचा याचंही स्वातंत्र्य. धंद्याचं नाव पुढं करून त्यावर घाला घालता येणार नाही. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द.

पुढे १९७२ साली न्यूजप्रिंटच्या, म्हणजे पेपरच्या कागदाच्या, कोट्यावरून 'टाइम्स'ची मालक असलेली बेनेट कोलमन कंपनी आणि सरकार यांच्यात असाच खटला झाला. दहा पानांच्या वर जायचं नाही, असं सरकारी धोरण होतं. त्यातही कोर्टानं याच निकालाची वाट धरली.

माझं विचाराल तर निकाल बरोबरच होता. पण त्याची दुसरी बाजू कुणी पोरांना सांगत नाही. बंधन उठलं ते सगळ्यांसाठीच उठलं. पुढे ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी वीस-वीस पानं आणि चार-चार पुरवण्या चहाच्या किमतीहून कमी पैशात द्यायला सुरुवात केली, आणि चारपानी पेपर एकेक करून मिटले. पहिल्या प्रेस कमिशनला जी भीती होती ती काही काल्पनिक नव्हती.

मग परुळेकरांच्या घरातून पेपर बाहेर गेला कसा?

८ जानेवारी १९७३ रोजी नानासाहेब गेले. त्यानंतर काही वर्षं त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या माणसांनी पेपर चालवला, मुणगेकरांसारख्या संपादकांनी त्याची घडी मोडू दिली नाही. पण भागभांडवल कुणाकडे किती, हा प्रश्न घरात आणि कंपनीत धुमसत राहिला. १९८०च्या दशकाच्या मध्यात नियंत्रण पवारांकडे गेलं. नानासाहेबांच्या कन्या लीला परुळेकर, म्हणजे क्लॉड-लीला, यांना ते मान्य नव्हतं. भागांच्या हस्तांतरावरून त्यांनी दावा लावला आणि तो वर्षानुवर्षं चालला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २००५ साली. तोवर पेपर पवारांकडे येऊन वीस वर्षं होत आली होती, आणि पुढेही तो त्यांच्याकडेच राहिला.

म्हणजे 'सकाळ'च्या नावानं सुप्रीम कोर्टात दोन खटले गाजले. पहिला सरकारविरुद्ध, पेपरच्या पानांचा. दुसरा घरचा, पेपरच्या मालकीचा. पहिला पाठ्यपुस्तकात आला. दुसरा फक्त वकिलांना माहीत असतो.

पवारांनी घेतल्यावर कोल्हापूर आवृत्ती निघाली का?

नाही, हा गैरसमज पक्का बसलाय. कोल्हापूर आवृत्ती १९८० सालची. म्हणजे परुळेकरांच्या पश्चात, पण पवारांच्या आधीची. त्याआधी पुण्याचा अंक इथं यायचा तो रात्रीच्या गाडीनं, आदल्या दिवशीच्या बातम्या घेऊन. त्याला आमच्या धंद्यात डाक आवृत्ती म्हणतात. लांबच्या गावाला जाणारा अंक लवकर छापतात, त्यामुळे रात्री दहानंतर जग बुडालं तरी त्यात येत नाही.

इथं आवृत्ती निघाल्यावर चित्र पालटलं. पुढे अनंत दीक्षितांसारखे संपादक कोल्हापूरला मिळाले, आणि ते नंतर पुण्याला गेले. इथल्या डेस्कवरून पुण्याच्या खुर्चीत माणूस जातो, याचं कोल्हापूरकरांना कौतुक वाटायचं. थोडा रागही यायचा, आपला माणूस नेला म्हणून.

पण कोल्हापूरला आपला स्वतःचा पेपर असताना पुण्याचा कशाला?

हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. तरी उत्तर देतो.

आपला म्हणजे 'पुढारी'. १९३०च्या दशकाच्या अखेरीला ग. गो. जाधवांनी उभा केला. मग प्रतापसिंह जाधव, आता पुढची पिढी. तिन्ही पिढ्या घरच्याच, आणि मालक तोच संपादक ही जुनी पद्धत तिथं दीर्घकाळ टिकली. सियाचीनच्या जवानांसाठी वाचकांच्या निधीतून इस्पितळ उभं केलेला हाच पेपर. त्याच्याही आधी बाळासाहेब पाटलांचा 'सत्यवादी' होता. बेळगावचा 'तरुण भारत' सीमाभागामुळे आपल्याकडे घरचाच मानतात. 'लोकमत'ही आला. म्हणजे कोल्हापूरच्या वाचकाला पर्यायांची कमी कधीच नव्हती.

आता पुण्याच्या घराण्याला इथं टिकायचं तर काय करावं लागतं ते बघा. जुलै-ऑगस्टात वाचक पहिल्या पानावर मोदी-राहुल शोधत नाही, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी शोधतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, पाच का सहा, त्यावर माणसं घरातलं सामान माळ्यावर टाकायचं की नाही ते ठरवतात. हिवाळ्यात उसाची पहिली उचल किती. मग 'गोकुळ'ची निवडणूक. मग शाहू स्टेडियमवरचं फुटबॉल, आणि त्यात पेठेपेठेतली खुन्नस. एखाद्या सामन्याच्या बातमीत गोल करणाऱ्याचं नाव चुकलं तर ऑफिसच्या दारात शंभर पोरं उभी राहतात. पुण्यातल्या मालकाला ही नावं माहीत असायची गरज नाही, पण इथल्या डेस्कवरच्या माणसाला असावीच लागतात.

२०१९च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. आमच्या पेठेत दोन दिवस एकही पेपर आला नाही, कुणाचाच. मोबाइलवर बातम्या धो-धो येत होत्या, त्यातल्या निम्म्या खोट्या. तिसऱ्या दिवशी एक पोरगा गुडघाभर पाण्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा-बारा अंक घेऊन आला. कुठला पेपर आहे हे कुणी विचारलं नाही.

कोल्हापूर आणि पेपर म्हटलं की टिळक-आगरकरांचं नाव का निघतं?

ते 'कोल्हापूर प्रकरण'. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. इथले छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतोय अशी हाकाटी होती, आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारा मजकूर दोन्ही पत्रांत आला. तो ज्या पत्रांच्या आधारावर होता ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक. १८८२च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले.

मालकीच्या चर्चेत मी हे प्रकरण मुद्दाम आणतो. तुरुंगात गेलं कोण? ज्यांचं नाव संपादक म्हणून होतं ते. बातमी कुठून आली, कागद कुणी दिले, पैसे कुणाचे, हे सगळं बाजूला राहतं आणि छापलेलं नाव पुढं येतं.

कोल्हापूरची दुसरी बाजूही सांगायला हवी. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, त्याला अडीच हजार रुपयांची मदत राजर्षी शाहू महाराजांनी केली होती. पैसे दिले म्हणून मालकी सांगितली नाही. असा पैसेवाला पेपरच्या इतिहासात क्वचित भेटतो.

मालक कोण हे पेपरमध्येच कुठं लिहिलेलं असतं का?

असतं. रोज असतं, आणि रोज कुणी वाचत नाही.

आजचा अंक घ्या. शेवटच्या पानाच्या, किंवा काही पेपरात आतल्या पानाच्या, अगदी तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात एक ओळ सापडेल. चष्मा लावा, नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. "मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी, ह्या पत्त्यावर छापून, त्या पत्त्यावर प्रसिद्ध केले. संपादक फलाणे." आम्ही तिला प्रिंटलाइन म्हणायचो. पुष्कळदा संपादकाच्या नावापुढं फुली असते आणि खाली लिहिलेलं असतं की पीआरबी, म्हणजे प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स, कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. हा कायदा १८६७चा होता. त्याच्या जागी २०२३चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४पासून लागू झाला, पण ओळ तळाशीच राहिली.

त्याहून चांगली जागा म्हणजे मार्चच्या सुरुवातीचे अंक. १९५६च्या नियमांनी प्रत्येक पेपरला फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापायला लावला. प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, त्यांचं राष्ट्रीयत्व, पत्ता, आणि सर्वांत शेवटी खरी मेख: मालकांची नावं, तसंच एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्या भागधारकांची नावं. खाली प्रकाशकाची सही, की हे माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. वाचनालयात जुन्या फायली असतील तर दहा वर्षांचे मार्चचे अंक काढा आणि तीच चौकट ओळीनं वाचत जा. कुठलं आडनाव आलं, कुठलं गेलं, कुठं माणसाच्या जागी कंपनीचं नाव बसलं, सगळं समजतं. कट्ट्यावर तासभर घातलेल्या वादापेक्षा हे लवकर होतं.

या ओळीवरून माझी एक फजिती. मी होतो त्या दैनिकात संपादक बदलले. नवीन साहेबांचा सत्कार झाला, पेढे वाटले, आणि तळाची ओळ बदलायची राहिली. ते काम माझं होतं. चार दिवस जुन्या संपादकांचं नाव छापत राहिलो. नेमकी त्याच चार दिवसांतल्या एका बातमीवरून वकिलाची नोटीस आली, घरी बसलेल्या जुन्या संपादकांच्या नावानं. ते नोटीस घेऊन ऑफिसात आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "निवृत्त करा की मला एकदा."

मालक संपादकाला फोन करून बातम्या थांबवतो का?

सिनेमात करतो. मी एवढ्या वर्षांत मालकाचा फोन डेस्कवर आलेला बघितला नाही. गरजच पडत नाही.

एक रात्र सांगतो. मोठ्या जाहिरातदाराविरुद्ध ग्राहक न्यायालयाचा निकाल लागला होता. बातमी चोख, निकालाची प्रत हातात. मी तिसऱ्या पानावर तीन कॉलम लावली. रात्री अकराला जाहिरात विभागातला एक जण चहा घ्यायला म्हणून आमच्याकडे आला, स्क्रीनकडे बघितलं, "बरी आहे बातमी" म्हणाला आणि गेला. बस्स. एवढंच. थोड्या वेळानं मला वाटायला लागलं की तीन कॉलम जरा जास्तच होतायत. मग दोन केले. मग वाटलं सातव्या पानावर जागा चांगली आहे. शेवटी सातव्या पानावर एका कॉलमात, दुकानाच्या नावाऐवजी "शहरातील एका व्यावसायिकाला" असं छापून आलं. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं.

म्हणून "मालक कोण" याच्या जोडीला "जाहिरात कुणाची" हेही विचारा. ते शोधायला तर चष्माही लागत नाही, अख्खं पान असतं.

एवढ्या कमी किमतीत पेपर परवडतो कसा?

अंक विकून परवडत नाहीच. कागद, शाई, प्लेट, छपाई, गाड्या, एजंटाचं कमिशन हे धरलं की छापील किंमत पुरत नाही. फरक जाहिरातीतून निघतो. मघाच्या १९६१च्या खटल्यात 'सकाळ'च्या साधारण ४० टक्के जागेत जाहिराती असतात असं नोंदलंय. म्हणजे पेपर भक्कम आणि तरीही जाहिरातीवर उभा, हे तेव्हापासूनचं. उरलेला हिशेब घरच्या बाईला विचारा, रद्दीचे किती येतात ते तिला पक्कं माहीत असतं.

'ॲग्रोवन' आणि 'गोमन्तक' पण यांचेच का?

होय. 'ॲग्रोवन' २००५ साली 'सकाळ' समूहानंच काढला, फक्त शेतीचं दैनिक. ऊसवाल्यांपेक्षा द्राक्ष-डाळिंबवाल्यांत त्याचं वेड जास्त. गोव्याचा 'गोमन्तक' १९६२चा, आधी चौगुले उद्योगसमूहाचा, नंतर 'सकाळ'कडे आला. 'साम' वाहिनीही याच घरची.

परदेशी कंपनी आपला पेपर विकत घेऊ शकते का?

पूर्ण नाही. १९५५पासून बातम्यांच्या पेपरात परदेशी भांडवलाला दार बंद होतं. २००२ साली सरकारनं ते २६ टक्क्यांपर्यंत उघडलं.

नागपूरचा 'तरुण भारत' आणि बेळगावचा 'तरुण भारत' एकच ना?

नाही. नाव एक, घरं दोन. बेळगावचा बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली काढला, नागपूरचा वेगळ्या संस्थेचा. कोल्हापुरात येतो तो बेळगावचा.

आमच्या मंडळानं साप्ताहिक काढायचं ठरवलंय. मालक म्हणून कुणाचं नाव घालावं?

जो भांडणार नाही त्याचं. गंमत सोडा. मंडळ नोंदणीकृत असेल तर मंडळाच्या नावानं जा, अध्यक्षांच्या नको. अध्यक्ष बदलला की तो पेपर घेऊन घरी जातो, असं मी दोनदा बघितलंय. नव्या कायद्यानुसार शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज ऑनलाइन होतो, पूर्वीसारखं दंडाधिकाऱ्यांपुढं उभं राहून डिक्लेरेशन करायला लागत नाही. संपादक म्हणून ज्याचं नाव घालाल त्याला टिळक-आगरकरांचं वर सांगितलेलं प्रकरण आधी वाचायला द्या. आणि शीर्षकं पाच-सहा तरी काढून ठेवा, कारण 'गर्जना', 'रणशिंग', 'करवीर' जोडून जे जे सुचेल ते आधीच कुणीतरी घेतलेलं असतं.